सफोक काउंटी: पडद्यावर दिसलेली आणि पडद्यावर बोललेली

पाणवठा

काही वर्षांपूर्वी नाशिकहून आईचा फोन आला. तिने आदल्या रात्री नेटफ्लिक्सवर ‘द डिग’ हा सटन हूच्या 1939 च्या उत्खननावरचा चित्रपट पाहिला होता आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती: त्यात टेकाडांचे जे माळरान दिसते, तेच का तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखे आहे म्हणतेस ते? मला सांगावे लागले की गोष्ट इथलीच आहे, माणसेही इथलीच होती, पण तू पाहिलेले उत्खनन इथे चित्रित झालेले नाही. ते शेत लंडनच्या नैर्ऋत्येला, सरी काउंटीत, गोडाल्मिंगजवळ उभारले होते. आई हिरमुसली, आणि खरे सांगायचे तर मलाही ते सांगताना वाईट वाटले. तेव्हापासून हा धागा काढायचे मनात होते.

मी गेली नऊ वर्षे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक काउंटीत, वुडब्रिजजवळच्या एका खेड्यात राहते. उत्तरेला नॉरफक, दक्षिणेला एसेक्स, पूर्वेला उत्तर समुद्र. इथे डोंगर नाहीत, धबधबे नाहीत, पर्यटकांच्या छायाचित्रांत चटकन भरेल असे फारसे काही नाही. किंचित वर-खाली होणारी गव्हाची, बार्लीची आणि बीटाची शेते, गारगोटीच्या दगडांनी बांधलेली चर्च, भरती-ओहोटीबरोबर रूप बदलणारे चिखलाचे काठ आणि डोक्यावर अवाढव्य आकाश, एवढेच. तरीही कॅमेऱ्याला हा प्रदेश पुन्हा पुन्हा हवासा वाटत आला आहे.

मात्र या हवेसे वाटण्यात एक विचित्र अदलाबदल आहे. ‘द डिग’ सफोकची गोष्ट सरीत सांगतो. याच्या अगदी उलट ‘डिटेक्टरिस्ट्स’ ही बीबीसी फोरवरची मालिका (2014 ते 2017, आणि 2022 चा एक विशेष भाग). मॅकेन्झी क्रुक यांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ही मालिका उत्तर एसेक्समधल्या डेनबरी या काल्पनिक गावात घडते, पण तिच्यातले गाव आणि शेते प्रत्यक्षात फ्रॅमलिंगम आणि त्याच्या आसपासची, म्हणजे सफोकची आहेत. धातुशोधक यंत्र घेऊन दोन मित्र शेतातून हळूहळू चालत जातात, वर चंडोल गातो, आणि पडद्यावर नाव दुसऱ्याच काउंटीचे असते. माझ्या शेजारच्या गावातले लोक ती मालिका पाहताना प्रत्येक बांध ओळखतात.

मग सफोक नक्की कशात आहे? कथेत, जमिनीत, की आणखी कशात?

माझे उत्तर मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला ते खोडता येईल. सफोक मला संपूर्णपणे एकाच चित्रपटात सापडली, आणि तो म्हणजे ‘एकेनफील्ड’ (1974). रोनल्ड ब्लाइथ यांनी चार्सफील्ड आणि परिसरातल्या माणसांशी बोलून 1969 मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले; गावाचे नाव कल्पित, बोलणे खरे. त्यावरून पीटर हॉल यांनी चित्रपट केला. हॉल म्हणजे रॉयल शेक्सपियर कंपनीचे संस्थापक आणि त्या वेळी लंडनच्या नॅशनल थिएटरचे प्रमुख. पण जन्म सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्सचा, वडील स्टेशनमास्तर. इंग्लंडमधला कोणताही नट त्यांच्या हाकेला धावून आला असता. त्यांनी पडद्यावर व्यावसायिक नट घेतलेच नाहीत. शेतमजूर, गृहिणी, गावचे कारागीर यांना घेतले, आणि त्या सर्वांना आठवड्यात कामे असल्यामुळे शनिवार-रविवारी, जवळजवळ वर्षभर, ऋतू पालटतील तसतसे चित्रीकरण केले. लिहिलेले संवाद नव्हते. प्रसंग समजावून सांगायचा आणि माणसांनी आपल्या शब्दांत बोलायचे. गॅरो शँड या तरुणाने आजोबा, वडील आणि नातू अशा तिन्ही पिढ्यांचा टॉम उभा केला. त्याच्या आईचे काम चार्सफील्डच्या पेगी कोल यांनी केले, आणि गावच्या पाद्र्याच्या भूमिकेत स्वतः ब्लाइथ आहेत.

कथा एका दिवसाची आहे. आजोबांची अंत्ययात्रा आहे. नातवाच्या मनात हे गाव सोडावे की इथेच राहावे हा प्रश्न आहे, आणि मेलेल्या आजोबांचा आवाज त्याच्या डोक्यात सतत बोलतो आहे. तो आवाज पीटर टडनम यांचा, तेही सफोकचेच. आजोबा एकदा कामाच्या शोधात चाळीस मैल चालत न्यूमार्केटला गेले होते आणि काम न मिळाल्याने चाळीस मैल चालत परत आले. पुढे आयुष्यभर गाव सुटले नाही. जानेवारी 1975 मध्ये हा चित्रपट आयटीव्हीवर दाखवला गेला तेव्हा दीड कोटीच्या आसपास लोकांनी तो पाहिला.

माझ्या शेजारच्या आजी त्या रात्री टीव्हीसमोर होत्या. त्यांनी मला सांगितले की आपले वडील जसे बोलत, तसे बोलणे टीव्हीच्या पेटीतून येताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकले. सफोक कशात आहे, या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे: बोलण्यात.

तुम्ही पाहिलेल्या चित्रपटांविषयी आणि मालिकांविषयी वाचायला आवडेल. मतभेद अवश्य लिहा.

दीपमाळ

पाणवठाताई, धागा अतिशय आवडला. मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे, त्यामुळे ‘द डिग’विषयी थोडे विस्ताराने लिहितो. माझी तक्रार जागेबद्दल नाही. सरीतल्या शेतात उभारलेले ते उत्खनन मला तंत्राच्या दृष्टीने फार प्रामाणिक वाटले. सटन हू म्हणजे ताईंच्या घराजवळची तीच टेकाडे, सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचे दफनस्थान. तिथल्या वाळूत पुरलेल्या जहाजाचे लाकूड शिल्लकच नव्हते; आम्लधर्मी मातीत ते पार विरून गेले होते. उरले होते ते लोखंडी रिव्हेट्स, म्हणजे फळ्या जोडणारे खिळे, आणि वाळूवर उमटलेला फळ्यांचा ठसा. मे 1939 मध्ये पहिला रिव्हेट हाती लागताच खोदकाम करणाऱ्या बेसिल ब्राउन यांनी हात आवरता घेतला, प्रत्येक रिव्हेट जागच्या जागी ठेवला आणि ठशाचा माग काढत काढत सुमारे 27 मीटर लांबीचे जहाज उघडे केले. जे नाही, त्याचा आकार जपून खणायचा, हे काम किती अवघड असते ते खड्ड्यात उतरलेल्यालाच कळते, आणि चित्रपटात ते दिसते.

ब्राउन यांचे पात्रही न्यायाने रंगवले आहे. बारा वर्षांचे असताना शाळा सुटलेला हा शेतकऱ्याचा मुलगा स्वतःच्या हिमतीने भाषा शिकला, खगोलशास्त्र शिकला आणि 1932 मध्ये ताऱ्यांच्या नकाशांवर त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तुमच्या बोलण्याच्या मुद्द्याला धरून सांगायचे तर ब्राउन साकारणारे राल्फ फाइन्झ स्वतः सफोकमधल्या इप्सविचला जन्मलेले आहेत आणि त्यांनी या भूमिकेसाठी इथल्या बोलीच्या जाणकाराकडून धडे घेतले होते. त्यांच्या तोंडची बोली तुम्हाला कशी वाटली?

माझी खरी तक्रार बायकांविषयी आहे. ज्यांच्या जमिनीवर हे सापडले त्या एडिथ प्रिटी 1939 मध्ये पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या होत्या. त्यांचे काम करणाऱ्या कॅरी मलिगन तेव्हा पस्तिशीच्या आसपास होत्या. हे एक वेळ सोडून देऊ. पण पेगी पिगट? त्या तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि उत्खननाचा चांगला अनुभव गाठीशी असलेल्या पुरातत्त्वज्ञ होत्या. चित्रपटात त्या नवख्या, धडपडणाऱ्या, आणि वजनाने हलक्या म्हणून कामावर घेतलेल्या दाखवल्या आहेत. सोन्याचा पहिला तुकडा त्यांच्या हाताला लागला हे मात्र खरे.

याहून मोठा अन्याय छायाचित्रांचा. चित्रपटात रोरी लोमॅक्स नावाचा देखणा तरुण कॅमेरा घेऊन वावरतो. असा माणूस नव्हताच. मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिका सुटीत तिथे आल्या आणि त्यांनी चारशेच्या आसपास छायाचित्रे काढली, त्यांत काही रंगीतही होती. सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. पुढे त्या ठशाची बरीच हानी झाली, त्यामुळे आज त्या जहाजाविषयी आपण जे काही पाहू शकतो त्यातले पुष्कळसे या दोघींमुळे. ब्राउन यांच्यासारख्या विसरलेल्या माणसाला न्याय देण्यासाठी काढलेल्या चित्रपटाने त्याच खड्ड्यातल्या दोन बायकांना पुसून एक तरुण बसवावा, हे मला आजही सलते. सफोकची जमीन सरीत नेली तर चालेल. सफोकमध्ये राबलेली माणसे बदलू नयेत.

(सहज आठवले: तो काल्पनिक तरुण साकारणारा जॉनी फ्लिन हाच ‘डिटेक्टरिस्ट्स’चे शीर्षकगीत लिहिणारा आणि गाणारा. जमिनीत शोधणाऱ्या दोन्ही कलाकृतींत तो आहे.)

पाणवठा

दीपमाळ, त्या दोघी शिक्षिकांविषयी सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. सटन हूच्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मी पाहिली आहेत; चित्रपट पाहून येणारे पुष्कळ लोक त्यांच्यासमोर थबकतात.

फाइन्झ यांची बोली शेजारच्या आजींनी मान्य केली, आणि त्या सहजासहजी काही मान्य करत नाहीत. सफोकच्या बोलीत तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाला ‘स’ लागत नाही. ‘शी गोज’ न म्हणता ‘शी गो’ म्हणतात. वाक्याचा शेवट प्रश्न विचारल्यासारखा वर चढतो. भिंतीवरची तसबीर तिरकी झाली की ती ‘ऑन द हुह’ असते. इथली खंत अशी, की इंग्रजी नाटक-सिनेमात शेतकऱ्यासाठी एक ठरीव बोली आहे, तिला ममरसेट म्हणतात. ती इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या सॉमरसेट भागातल्या बोलींवर बेतलेली, पण खरी कोणत्याच गावची नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाच्याही तोंडी तीच घातली जाते. आपल्याकडे मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या प्रेक्षकांना पडद्यावरच्या सरसकट ‘ग्रामीण’ मराठीने जे वाटते, तेच इथल्या लोकांना वाटते. म्हणून ‘एकेनफील्ड’मध्ये लोक आपल्या तोंडाने बोलले, याला मी इतके महत्त्व देते.

नांगरतास

मी सातारा जिल्ह्यातला शेतकरी आहे. ‘एकेनफील्ड’ मी पुण्यात एका मित्राकडे पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला. इंग्रजी मला बेताची समजते आणि या चित्रपटातली त्याहून कमी समजली, तरी काम समजायला भाषा लागत नाही. विळ्याने नव्हे तर लांब दांड्याच्या कोयत्याने उभ्याने कापणी करणारी माणसे एकामागे एक तिरकी रांग धरून पुढे सरकतात, तेव्हा त्यांच्या खांद्यांची हालचाल पाहूनच कळते की हे नट नाहीत. नटाचा हात कापतो, कामकऱ्याचे अंग कापते. दिग्दर्शकाने शेतकरी घेतले याचे कारण फक्त बोली नसावे, असे मला वाटते. पाठीचा बाक शिकवता येत नाही.

ताई, बोलण्याबरोबर घराचीही गोष्ट करायला हवी. चित्रपटातल्या पोराला मालक घर देऊ करतो. पाहणाऱ्याला वाटेल, चांगलेच आहे की. पण ते घर नोकरीला बांधलेले आहे. काम सुटले की घर सुटले. म्हातारपणी अंगातले बळ गेले की घर रिकामे करा. आमच्याकडे सालगड्याला मालकाच्या वाडग्यात खोली मिळते आणि पाडव्याला साल फिटले की बिऱ्हाड उचलावे लागते, ते ज्याने पाहिले आहे त्याला त्या पोराचा चेहरा का पडला ते सांगावे लागत नाही. मी नंतर वाचून काढले: इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतमजुराला अशा घरात राहण्याचे संरक्षण 1976 च्या कायद्याने मिळाले, म्हणजे हा चित्रपट पडद्यावर आल्यानंतर दोन वर्षांनी. चित्रपट बनत होता तेव्हा त्यात काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या डोक्यावरचे छप्पर तसलेच असणार.

मूळ पुस्तकही नंतर मागवले. त्यातला एक म्हातारा शेतमजूर 1914 च्या युद्धाची आठवण सांगतो. युद्ध सुरू झाले तेव्हा गावच्या पोरांना आनंद झाला होता, आणि सैन्यातल्या चार महिन्यांच्या प्रशिक्षणात त्याचे वजन जवळजवळ एक स्टोन, म्हणजे आपल्या हिशेबाने सहा किलोच्या आसपास वाढले, उंचीसुद्धा वाढली. लोक म्हणाले अन्नामुळे, पण तो सांगतो की खरे कारण एवढेच: आयुष्यात पहिल्यांदाच अंग मोडेस्तोवर काम नव्हते. इंग्लंडच्या गव्हाच्या कोठारात गहू पिकवणारा पोरगा राबून राबून पिचलेला होता. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. चित्रपटातली ती सोनेरी कापणी पाहताना हे वजन ध्यानात ठेवावे. मायकेल टिपेट यांचे तंतुवाद्यांचे संगीत त्या दृश्यांवर आहे, फार सुंदर आहे, पण त्या सौंदर्याने थोडे भुलायलाही होते. ही माझी एकच कुरकुर.

आणि ते घोडे! पिंगट रंगाचे, रुंद छातीचे सफोक पंच. आज हयात असलेला प्रत्येक सफोक पंच 1768 साली जन्मलेल्या, अफर्ड गावच्या एकाच घोड्याच्या वंशातला आहे असे कळले. आमच्या खिलार बैलाची अशी वंशावळ कुणी ठेवली असती तर!

खलबत

कापणी आणि घोडे यांच्यानंतर मी काळोख्या बाजूकडे वळतो, त्याबद्दल क्षमा असावी. मायकेल रीव्ह्ज यांचा ‘विचफाइंडर जनरल’ (1968) या धाग्यावर यायलाच हवा. इंग्रजी यादवी युद्धाच्या काळात मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा, एसेक्समध्ये राहणारा माणूस पूर्वेकडच्या काउंट्यांत चेटकिणी शोधत गावोगाव फिरला, आणि त्याबद्दल त्याला गावांकडून पैसे मिळत. चित्रपटात व्हिन्सेंट प्राइस यांनी तो थंडपणे साकारला आहे. रीव्ह्ज तेव्हा जेमतेम चोविशीचे होते, आणि पंचविसाव्या वर्षी ते वारले.

या चित्रपटाने सफोकचे जे केले ते मला विलक्षण वाटते. हिरवी कुरणे, ऊन, घोडेस्वार, आणि त्याच उन्हात क्रौर्य. भयपटाला लागणारा अंधार, धुके, वाडे यांची फारशी गरजच वाटलेली नाही. सफोकमधल्या लॅव्हनम गावच्या बाजारचौकात एका बाईला शिडीला बांधून आगीत सोडतात ते दृश्य पाहवत नाही, कारण भोवती उभी असलेली लाकडी घरे खरी आहेत आणि तेव्हाही तिथेच होती. शेवट ऑर्फर्डच्या किल्ल्यात होतो.

दीपमाळ यांच्या पद्धतीने चुका मोजायच्या तर पुष्कळ निघतील. इंग्लंडमध्ये चेटकाच्या गुन्ह्याला फाशी होती, जाळणे नव्हते. हॉपकिन्सला कुणी कुऱ्हाडीने मारले नाही. तो 1647 मध्ये आजारपणाने, बहुधा क्षयाने, वारला. पण खरा इतिहास सौम्य होता असे कुणी समजू नये. ऑगस्ट 1645 मध्ये बरी सेंट एडमंड्सला एकाच दिवशी अठरा जणांना फाशी दिले गेले. त्यांत ब्रॅन्डस्टन गावचे ऐंशीच्या घरातले पाद्री जॉन लोज होते. त्यांना दिवसेंदिवस झोपू न देता धावायला लावले होते, तेव्हा कुठे त्यांनी कबुली दिली. चित्रपटात लोज यांचे पात्र त्याच नावाने आहे.

लॅव्हनमविषयी एक गोष्ट सांगतो. ही घरे इतकी टिकली कशी? सोळाव्या शतकाच्या आरंभी निळ्या लोकरी कापडाच्या व्यापारामुळे ते इंग्लंडच्या सर्वांत श्रीमंत गावांत गणले जात होते. मग धंदा बसला. पुढची शतके गावाकडे जुनी घरे पाडून विटांची नवी बांधण्याइतका पैसाच राहिला नाही. आज जे चित्रपटवाल्यांना ‘जसेच्या तसे जुने’ मिळते ते गरिबीने राखलेले आहे. हॅरी पॉटरच्या सातव्या कथेच्या पहिल्या चित्रपटात हॅरीचे जन्मगाव दाखवताना याच घरांची चित्रे घेऊन संगणकावर बर्फ आणि रात्र चढवली गेली. कलावंत तिथे आलेच नाहीत. नांगरतास यांनी सोनेरी कापणीखालचे राबून पिचलेले पोर दाखवले, तसेच काहीसे या वाकड्या तुळयांखाली आहे.

सांजवात

सर्वांचे प्रतिसाद फार माहितीपूर्ण आहेत, पण पाणवठाताई, मी तुमच्याशी असहमत आहे आणि ते स्पष्टपणे लिहिते.

मी लोस्टॉफ्टला राहते, म्हणजे सफोकच्या, किंबहुना संपूर्ण ब्रिटनच्या, सर्वांत पूर्वेकडच्या शहरात. हेरिंग मासळीवर मोठे झालेले आणि ती मासळी संपल्यावर खचलेले हे बंदर आहे. तुम्ही म्हणता सफोक बोलण्यात आहे. मग माझी मुलगी, जी इथेच जन्मली आणि शाळेत ‘शी गो’ ऐकत वाढते आहे, ती सफोकची कधी होणार? ‘एकेनफील्ड’मध्ये तीन पिढ्यांना एकच चेहरा आहे, आणि कलाकृती म्हणून ते मोठे आहे हे मला मान्य आहे. पण गावाचे खरे असणे पिढ्यांच्या सलगतेवर मोजू लागलो, तर आमच्यासारख्यांना त्या मोजमापात जागाच उरत नाही.

म्हणून मला ‘यस्टरडे’ (2019) महत्त्वाचा वाटतो. डॅनी बॉइल यांच्या या चित्रपटाचा नायक जॅक मलिक लोस्टॉफ्टचा आहे. बीटल्सची गाणी जगातून नाहीशी होतात आणि ती जवळजवळ एकट्या त्यालाच आठवत असतात, ही कल्पना सर्वांना माहीत असेल. मला सांगायचे आहे ते वेगळेच. हे कुटुंब भारतातून इथे कसे आले, का आले, त्यांचा स्वीकार झाला की नाही, याबद्दल चित्रपट कोणतेही स्पष्टीकरण देत बसत नाही. संजीव भास्कर आणि मीरा स्याल यांनी साकारलेले आईवडील घरात मुलाच्या गाण्यात लुडबुड करतात, शेजारी येतो, दारावरची घंटा वाजते, गाणे पुन्हा थांबते. कोणत्याही घरात होते तसे. हिमेश पटेल हा नट शेजारच्या केंब्रिजशरमधल्या एका खेड्यात वाढला, त्याच्या आईवडिलांचे वर्तमानपत्रांचे दुकान होते. पूर्व इंग्लंडच्या खेड्यांत आपल्या लोकांची अशी किती दुकाने आहेत ते इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. ती दुकानेही ग्रामीण इंग्लंडच आहेत.

त्याच वर्षीचा ‘द पर्सनल हिस्टरी ऑफ डेव्हिड कॉपरफील्ड’ घ्या. डिकन्सने डेव्हिडचा जन्म सफोकमधल्या ब्लंडरस्टोन गावी झाला असे लिहिले; ते नाव लोस्टॉफ्टजवळच्या ब्लंडस्टनवरून घेतलेले आहे. आर्मांडो यानुची यांनी त्या भूमिकेत देव पटेल यांना घेतले आणि त्यासाठी कथेत एका शब्दाचेही कारण जोडले नाही. मी ब्लंडस्टनच्या रस्त्याने नेहमी जाते. आता तिथून जाताना डेव्हिड म्हटले की मला देव पटेल यांचाच चेहरा दिसतो, आणि मुलीलाही. तिच्या दृष्टीने तो कधी वेगळा नव्हताच.

दीपमाळ

सांजवात, तुमच्या प्रतिसादामुळे माझे स्वतःचे वाक्य मला पुन्हा वाचावे लागले. ‘सफोकमध्ये राबलेली माणसे बदलू नयेत’ असे मी लिहिले होते. ते खरोखर होऊन गेलेल्या व्यक्तींच्या श्रेयाविषयी होते आणि त्यावर मी ठाम आहे. डेव्हिड कॉपरफील्ड कादंबरीतला आहे. त्याचा चेहरा कुणाच्या मालकीचा नाही. या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो.

पाणवठा

सांजवात, तुमचा प्रतिसाद मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचला. मी स्वतः नऊ वर्षे इथे राहून ‘इथले बोलणे’ म्हणताना माझे बोलणे त्यात धरले नव्हते, हे मला तुमच्यामुळे कळले. ‘एकेनफील्ड’विषयीचे माझे मत बदललेले नाही, पण त्याचे कारण मी चुकीचे मांडले होते. ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथली होती म्हणून तो चित्रपट खरा नाही. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांनाच त्यात बोलू दिले म्हणून तो खरा आहे. लोस्टॉफ्टच्या दुकानातली मराठी-गुजराती बाई स्वतःच्या शब्दांत, शनिवार-रविवारी दुकान सांभाळून, वर्षभर कॅमेऱ्यासमोर बोलेल असा चित्रपट सफोकमध्ये अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. ‘यस्टरडे’मधले आईवडील मला आवडले, पण त्यांचे बोलणे दुसऱ्याने लिहिलेले आहे. तुमची मुलगी मोठी झाली की तिने तो चित्रपट करावा, असे मला अगदी मनापासून वाटते.

आई पुढच्या जूनमध्ये येते आहे. तिला सटन हूची खरी टेकाडे दाखवणारच, पण त्याआधी एका संध्याकाळी ‘एकेनफील्ड’ दाखवायचा बेत आहे. बोली तिला कळणार नाही, म्हणून मी चित्रपट थांबवत थांबवत मराठीत सांगणार आहे, आणि त्याची तयारी आतापासून करते आहे. नांगरतास, तुमची मदत हवी आहे. इथल्या जुन्या कापणीत मजूर आपल्यातल्याच एकाला ‘लॉर्ड’ निवडत. तो रांगेत सर्वांत पुढे राहून कापणीची गती ठरवी, आणि कापणीची मजुरी किती हे मालकाशी सर्वांच्या वतीने तोच बोलून ठरवी. शेवटची गाडी शेतातून निघाली की तिच्या माथ्यावर तो बसे. पुस्तकातही हे आले आहे. ‘जमीनदार’ म्हटले तर अर्थ उलटा होतो. ‘मुकादम’ म्हणू का?

नांगरतास

मुकादम म्हणू नका, ताई. मुकादम मालकाकडून उचल घेऊन माणसे आणतो, त्यामुळे शेवटी तो मालकाचा असतो. तुम्ही सांगता तो माणूस मजुरांनी निवडलेला आहे आणि स्वतः सर्वांच्या पुढे कोयता चालवतो आहे. त्याला आमच्याकडे म्होरक्या म्हणतात. आईंना म्होरक्या म्हणून सांगा, त्या लगेच ओळखतील.